कर्नाटक पासिंग
उन्हात तापलेल्या गाडीचं दार उघडलं की आतून कोंडलेला वास येतो आणि मला आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमधली ती सकाळ आठवते. भाऊ बंगळूरला नोकरीला होता. सुट्टीत येऊन राहायला म्हणून त्याने आमच्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला आणि आपली जुनी, कर्नाटक पासिंगची गाडी खाली पार्किंगमध्ये ठेवली. बाबांना गाडी चालवता येत नव्हती, पण बॅटरी उतरू नये म्हणून ते दर रविवारी आत बसून इंजिन सुरू करायचे. नंबर बघून कुणी विचारलं, "पाहुणे आलेत का?" तर म्हणायचे, "नाही, मुलाची आहे." मग एका पहाटे भाऊ तिकडेच, झोपेत गेला. काही महिन्यांनी एके सकाळी वहिनी तिच्या भावाला घेऊन गाडी न्यायला आली, पण चावी मागताना तिला रडू आलं. "बाबा, तुम्ही म्हणत असाल तर राहू दे इथेच." बाबांनी खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. "ने बाळा. पोरांना शाळेत सोडायला होईल. इथे कोण चालवणार?" गाडी गेटबाहेर वळल्यावर त्यांनी बादली आणली आणि त्या रिकाम्या जागेवरचा तेलाचा डाग खराट्याने घासत बसले. मी म्हटलं, "राहू द्या ना." ते म्हणाले, "सोसायटीवाले ओरडतील." आता त्यांना जिना उतरवत नाही. अधूनमधून विचारतात, "गाडी नीट चालतेय ना तिकडे?" मी हो म्हणतो. वहिनीने ती केव्हाच विकली, हे त्यांना सांगणं मला अजून जमलेलं नाही.