साक्ष दिल्यानंतरची साखर

वडील निवृत्त शाळामास्तर होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही मुकुंदवाडीत राहत होतो. त्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ गोळी चालू असे. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या चर्चमध्ये तीन दिवसांची उपास-प्रार्थना झाली. तिसऱ्या दिवशी पाळकांनी आजाऱ्यांना पुढे बोलावून कपाळाला तेल लावलं. वडील त्यांत होते. घरी परतताना कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये त्यांनी रक्त दिलं. साखर निरोगी माणसाइतकी निघाली.

पुढच्या रविवारी उपासनेत त्यांनी साक्ष दिली. आमच्याकडे हा रिवाज आहे: देवानं आयुष्यात काही केलं असेल तर ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. एकदा सांगितलं की ते मंडळीचं होऊन जातं. पुढच्या आठवड्यात लोक त्यावरच आपल्या प्रार्थना उभ्या करतात. वडील म्हणाले, "प्रभूनं माझी साखर नेली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन त्यांनी गोळ्यांचा डबा आईच्या हातात दिला. बरं झालेल्या माणसानं गोळी घ्यायची म्हणजे साक्ष खोटी पाडायची, असा त्यांचा हिशेब होता. पाळकांनी गोळ्या बंद करायला सांगितलं नव्हतं. चालू ठेवा असंही म्हटलं नव्हतं.

मे महिन्यात ते पायमोजे घालू लागले. चर्चमध्ये चपला दाराशी काढून सतरंजीवर बसतात. पुरुषांच्या बाजूला मोजे घातलेले ते एकटेच असत. कुणी विचारलं तर फरशी गार लागते म्हणत. फरशी तापलेली असे.

एका गुरुवारी आईनं त्यांचा बूट झटकला आणि आतून हरभऱ्याएवढा खडा पडला. वडील तो बूट घालून दौलताबादला एका लग्नाला जाऊन आले होते. दिवसभर चालले होते. खडा त्यांना जाणवलाच नव्हता.

"मोजा काढा," आई म्हणाली.

"काय नाय तिथं."

"मग दाखवायला काय होतंय?"

त्यांनी दाखवला नाही. आईनं बसल्या जागी त्यांचा पाय धरला आणि मोजा ओढला. अंगठा काळा पडला होता, पाऊल सुजून तकतकीत झालं होतं. खोलीत वास पसरला. मी खिडकी उघडली.

"देवाला गोळीचं वावडं हाय का?" आईनं विचारलं.

"साक्ष दिलीय मी. भरल्या मंडळीत."

"मग परत घ्या."

"साक्ष म्हणजे काय बाजारातली वांगी हायेत व्हय? किडकी निघाली की परत?"

"किडकीच निघाली की वो! नाक नाय का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, आम्ही त्यांना रिक्षात घालून क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात नेलं. तपासणीला जायचं, औषध घ्यायचं नाही, या बोलीवर ते आले. डॉक्टरांनी पाय पाहिला, रक्त घेतलं आणि त्यांना व्हरांड्यातल्या खाटेवर झोपवलं. साखरेच्या गोळ्या बंद आहेत हे कळल्यावर त्यांनी आईला विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

आईनं साक्षीचं सांगितलं. लॅबचा रिपोर्ट चांगला आला होता, हेही सांगितलं.

"त्या दिवशी जेवले काय होते?"

"जेवतात कशाचे? तीन दिवस नुसत्या पाण्यावर होते. उपास होता ना."

"आणि गोळ्या?"

"तेव्हा चालू होत्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पोटात अन्न नाही आणि वर गोळी. साखर उतरणारच. चक्कर येऊन पडले नाहीत, हेच नशीब." मग ते वडिलांच्या खाटेशी गेले आणि तेच त्यांनाही सांगितलं. अंगठा काढावा लागेल. त्याआधी सुईनं साखर खाली आणावी लागेल. आज झालं तर पाऊल वाचेल. उद्यावर गेलं तर गुडघ्यापर्यंतची गोष्ट.

वडील म्हणाले, "रविवारी चर्चमध्ये सांगतो. मग सुई घेतो."

"रविवारपर्यंत थांबता येणार नाही, मास्तर."

"लोकांना खोटं सांगून ठेवलंय मी. ते तसंच ठेवून गुपचूप सुई टोचून घेऊ? नाय जमायचं."

नर्स ट्रे घेऊन उभी होती. वडिलांनी हात पांघरुणाखाली घेतला. आईनं त्यांना सुनावलं, मग विनवलं, मग ती बाहेरच्या टेलिफोन बूथकडे गेली. परत आल्यावर तिनं एवढंच सांगितलं की पाळकांना निरोप दिलाय. जमतील तेवढ्यांना घेऊन येतायत.

वाट पाहण्यात दुपार झाली. डॉक्टर दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. पायाची लाली घोट्याच्या वर चढली होती. त्यांनी तिच्या कडेनं पेनानं रेघ मारली. दुसऱ्या फेरीला लाली रेघेच्या पुढे गेली होती.

पाळक आले तेव्हा त्यांच्यासोबत मंडळीतली आठ-दहा माणसं होती. ती खाटेभोवती दाटीनं उभी राहिली. "आधी प्रार्थना करू," पाळक म्हणाले.

"आधी माझं ऐका," वडील म्हणाले. ते उठून बसले. साक्ष उभ्यानं द्यायची असते, पण पाय टेकवेना. "मी साखर गेली म्हणून सांगितलं. ती गेली नव्हती. उपासानं उतरली होती. मला कळलं नाय. देव बरं करतो, हे मी आजही म्हणतो. मला अजून केलेलं नाय."

कुणी 'आमेन' म्हटलं नाही. पाळकांनी पुढच्या महिन्याच्या मोठ्या सभेत हीच साक्ष सांगायला ठेवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ते हातातलं पवित्र शास्त्र उघडून पान शोधत राहिले.

मागून एक बाई पुढे आल्या. त्यांच्या नवऱ्याला फिट येत असे. "मास्तर, तुमचं ऐकून आम्ही ह्यांच्या गोळ्या बंद केल्यात. मग त्याचं काय?"

वडिलांचा चेहरा उतरला. "कधीपासनं?"

"ईस्टरपासनं."

"फिट आली?"

"परवा आली. चुलीजवळ."

"जावा, बाई. आत्ता जावा. त्यांना डॉक्टरकडं न्या, गोळ्या चालू करा. प्रार्थना आम्ही करतो."

त्या निघाल्या. व्हरांड्यातून जाताना त्यांच्या चपलांचा आवाज आधी चालण्याचा होता, मग पळण्याचा झाला.

वडिलांनी हात पांघरुणाबाहेर काढला आणि नर्सपुढे धरला.

साखर आटोक्यात यायला संध्याकाळ झाली. स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी पोहोचलं तेव्हा त्यांनी पाळकांना जवळ बोलावलं. "तेल आणलंय?"

पाळकांनी खिशावर हात ठेवला, पण बाटली काढली नाही. "मास्तर, आता..."

"आता लावा. आता लोकांना खरं माहीत हाय."

पाळकांनी बाटली उघडली. तेल कपाळावरून भुवईत उतरलं. आईनं ते पदरानं टिपलं. आत नेण्याआधी नर्सनं विचारलं, हे काय लावलंय. आई म्हणाली, "राहू द्या. पायाला नाय लावलं."

अंगठा गेला. पाऊल राहिलं.