हिंमतराजच्या पोत्याची शिवण

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकीला नाही. भीमाशंकरला जाऊन हात जोडले तेव्हा देवालासुद्धा—खरं सांगते—अर्धंच सांगितलं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. गोष्ट तशी हसण्यासारखी आहे. मलाही मधे हसू येईल. आलं तर येऊ द्या.

घोडेगावात स्टँडच्या मागे माझं शिलाईचं दुकान. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश—सगळ्यांकडे असतं तेच. पण एक गिऱ्हाईक असं होतं की तसं तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. जादूगार हिंमतराज!

हिंमतराज म्हणजे शिनोलीचा हिंमत. पोस्टरवर भरजरी फेटा, वटारलेले डोळे, खाली लिहिलेलं ‘मृत्यूला हुलकावणी’. आणि माप घ्यायला टेप लावली की हा मृत्यूला हुलकावणी देणारा माणूस गुदगुल्या होतात म्हणून खिदळायचा. तेव्हा केबल नुकतीच कुठेकुठे यायला लागली होती. जुन्नर-आंबेगावात जत्रा असो की शाळेचं गॅदरिंग, हिंमतराजचा खेळ पाहिजेच. कबुतरं काढायचा, पत्ते गायब करायचा, पण लोक यायचे ते सुटकेसाठी. बेड्या घाला, साखळ्या घाला, पेटीत कोंडा—गडी बाहेर! नारायणगावात एकदा त्याला पडद्याआड बैलगाडीच्या चाकाला बांधला होता. पडदा उघडला तर चाक रिकामं, आणि हा समोरच्या टपरीवर बशीतून चहा पितोय.

त्याची बायको शांता, माझी मैत्रीण. स्टेजवर तिचं नाव मिस ज्वाला. हसलात ना? आम्हीही हसलो होतो. घरात डोक्यावरचा पदर न ढळू देणारी शांता चमकीचा घेरदार फ्रॉक घालून मंडपात आली की वेगळीच बाई वाटायची—मान ताठ, हात असे पसरलेले. सासूनं आधी अबोला धरला, मग पहिल्या रांगेतली खुर्ची धरली.

हिंमतराजचा शेवटचा खेळ पोत्याचा. त्यासाठी मी जाड कॅनव्हासची दोन पोती शिवायची, दिसायला अगदी जुळी. एक खरं, ते लोकांनी ओढून, ताणून तपासायचं. दुसरं खोटं. खताची गोणी उघडताना दोऱ्याचं बरोबर टोक हाताला लागलं की शिवण कशी सरसर उसवत जाते, तशी त्याच्या बुडाची शिवण. टोक आतल्या बाजूला. तपासणी झाली की शांता गिरकी घ्यायची आणि फ्रॉकच्या घेराआड पोती बदलायची. मग हिंमत आत, तोंडाला कुलूप, पुढे पडदा. दोन मिनिटांत बाहेर. हे तिघांनाच ठाऊक होतं—त्याला, तिला आणि मला.

आता मुद्द्यावर येते. येतेय हो—इतकी वर्षं आले नाही, थोडं थांबा.

जुन्नरच्या खेळाला मी माझ्या दोन नणंदांना मोठ्या तोऱ्यात घेऊन गेले होते. बघा, म्हटलं, तो कोट माझा, तो फ्रॉक माझा. तेवढ्यात हिंमतराज माईकवर गरजला, ‘‘हे सर्व पोशाख, हे सर्व साहित्य, खास मुंबईच्या कारागिरांकडून!’’ धाकटी नणंद माझ्याकडे वळून बघायला लागली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी तो नवीन पोत्यांचं कापड घेऊन आला, तेव्हा मी त्याला विचारलंच. तो हसला. ‘‘अवो कमलताई, घोडेगावच्या टेलरनं शिवलं म्हनल्यावं कोन टाळ्या वाजवनार? रागावू नका राव!’’

मी रागावले. दोन्ही पोती खरी शिवली. दुहेरी दोरा, दुहेरी टाका. वरून दिसायला सगळं नेहमीसारखं, एकाच्या आत दोऱ्याचं खोटं टोकही सोडलं, ओढलं की सुट्या धाग्यासारखं हातात येणारं.

तुम्ही विचाराल, माणूस आत गुदमरेल हे डोक्यात आलं नाही का? आलं होतं. शिवता शिवता एकदा आलं होतं. मशीन थांबवलं, पाणी प्याले, आणि पुन्हा पाय चालवायला लागले.

खेळ पारगावला होता. ऊसतोडीचे दिवस, भर दुपार, मैदान माणसांनी गच्च. मीही गेले. फजिती बघायचीच होती! शांतानं गिरकी घेतली, पोतं बदललं, हिंमत आत गेला, पडदा ओढला, बँजो सुरू झाला. दोन मिनिटं झाली. चार झाली. पडद्याला आतून धक्के बसायला लागले. लोक हसत होते. बँजोवाल्याचं गाणं संपलं, त्यानं तेच पुन्हा धरलं. सहाव्या मिनिटाला पोतं पडद्याखालून गडगडत बाहेर आलं आणि स्टेजवरून थेट पहिल्या रांगेत शांताच्या सासूच्या पायाशी पडलं. हास्याचा नुसता पूर! सगळ्यांना वाटलं खेळच आहे. सासूलासुद्धा. तिनं पोत्याला हळूच काठीनं ढोसलं.

मी हसत नव्हते. उठून ओरडायला हवं होतं—कुलूप काढा, माणूस मरेल! ओरडले का? नाही. ओरडले तर कमलला कसं कळलं, असं कुणीतरी विचारलं असतं.

शांता धावली. ‘‘किल्ली! किल्ली कुनाकडं हाय?’’ असं ती ओरडत होती, आणि किल्ली सांभाळणारा गावकरी हसत हसत तिला झुलवत होता. तेवढ्यात पोत्याच्या बुडाला भोक पडलं. त्यातून आधी बोट आलं, मग हात, मग हिंमतचं डोकं. तोंड रक्तानं भरलेलं, पुढचा एक दात गायब. दातांनी शिवण तोडली होती त्यानं! उभा राहिला, डोलला आणि दोन्ही हात वर केले. अशा टाळ्या मी जन्मात ऐकल्या नाहीत.

त्या दिवसानंतर तो खरा मोठा झाला. नगर, नाशिक, पार कोल्हापूरपर्यंत बोलावणी. सोन्याचा दात बसवला. नव्या पोस्टरवर ‘दातांनी मृत्यू फाडणारा’. म्हणजे बघा, त्याला मारायला निघाले आणि मोठा करून बसले. इथंच गोष्ट संपली असती तर मी ती लग्नाकार्यात कधीच सांगून टाकली असती.

पण हातात नुसता सुटा धागा आला म्हणून हिंमतनं धरलं की ते खरं पोतं होतं; खोटं दिलं असतं तर तो अडकलाच नसता. मग चूक कुणाची? पोती बदलायचं काम कुणाचं? हिंमत शांताला ओरडला नाही, हे त्याचं मोठेपण. फक्त म्हणाला, आता तू घरीच बस. फाटलेलं आणि दुसरं, दोन्ही पोती त्यानं नमुन्याला म्हणून माझ्याकडेच परत पाठवली. मी ती पाणी तापवायच्या बंबात घातली. कॅनव्हास हळू जळतं, वेळ लागला.

नंतर शांता दुकानात आली, फ्रॉक घेऊन. मंचरची दुसरी मुलगी मिस ज्वाला झाली होती, तिच्यासाठी नवा शिवायला टाकलेला समोरच लटकत होता. शांतानं त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, ‘‘लई झ्याक झालाय.’’ मग आपला पुढे केला. ‘‘ह्याच्या उशीच्या खोळी करून दे. घरात पडून काय उपेग?’’

मी कात्री हातात घेतली. ती बोलतच होती. ‘‘मला आठवतच न्हाई गं कमल. मी डाव्या हातानं बदललं व्हतं, रोजच्यासारखंच. पण चुकलंच असनार. माझ्या हातनं नवरा मेला असता.’’

मी चमकीचा घेर मधोमध कापला. दोन खोळी शिवून दिल्या.

आता हिंमतचे खेळ बंद झालेत, घरोघरी टीव्ही आहे. तो लग्नाच्या मांडवात पोरांना सोन्याचा दात दाखवून पारगावची गोष्ट सांगतो, आणि शांता हसून म्हणते, ‘‘माज्या येंधळेपनानं फेमस झालाय ह्यो!’’ सगळे हसतात. मी तिच्या शेजारीच बसलेली असते. मीही हसते. अजून मधेच कधीतरी, कामाच्या नादात, ती डावा हात हवेत फिरवून बघते—असा घेतला होता की तसा? मी बघितलंय.

शांतानं बरोबर पोतं दिलं होतं.