हेरफर्डशरचा मका आणि माझं चुनाळं

२००६च्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी जावई आम्हां दोघांना ब्रिस्टलहून हेरफर्डशरमधल्या एका फळमळ्यावर सोडून गेला. अंतर सत्तावन्न मैल. सफरचंदं आपल्या हातांनी तोडायची, मळ्यावरच्याच खोलीत दोन रात्री राहायचं, असा लेकीने आखलेला बेत होता.

बागेपलीकडे स्ट्रॉबेरीसाठी उभारलेले प्लास्टिकचे लांबलचक बोगदे होते. शेवटच्या बोगद्यात, कडेला, चक्क मका. मी ताटं मोजली, एकतीस भरली.

“माझा मका,” मागून कोणीतरी म्हणालं. हा हासिंतो, मेक्सिकोचा. बायको कार्मेन स्पेनची. तिच्या कागदपत्रांवर तो इथे आला होता. दोघं फळं तोडायच्या कामावर, आणि आठ वर्षांच्या लूससह कुंपणालगतच्या कॅरव्हॅनमध्ये (चाकांवरच्या घरात) राहणारी. हासिंतोचं इंग्रजी माझ्याहून कच्चं, कार्मेनचं बरं.

“माझा भाऊ स्पेनला बोलावतोय,” ती म्हणाली. “त्याला उद्या उत्तर द्यायचंय. हा म्हणाला होता, इथे मका पिकवून दाखवतो. पिकला तर राहायचं, लूसची शाळा मोडायची नाही. पण दोनदा करून पाहिलं, याची भाकरीच होत नाही. म्हणजे कच्चाच.”

“मका पक्का आहे,” हासिंतो शांतपणे म्हणाला. “चुना नाही.”

त्याच्या गावी मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. साल सुटते, मग दळून टॉर्टिया (पातळ भाकरी) करतात. इथे चुना मिळतो तो बांधकामाच्या गोणीत. तो पोरीला खाऊ घालायला कार्मेन तयार नव्हती. मी एक दाणा नखाने दाबला. चीक नव्हता. दाणा टणक होता.

माझा हात कोटाच्या आतल्या खिशाशी गेला आणि तिथेच थांबला.

“अहो, काय झालं?” सुनंदाने, माझ्या पत्नीने, विचारलं.

मी चुनाळं बाहेर काढलं. चाळीस दिवसांपूर्वी, लेकीच्या घरी उतरलो त्या दिवशी, तंबाखू सोडल्याचं मी मायलेकींना सांगितलं होतं. दिवसाला तीन चिमटी चालूच होत्या.

सुनंदाने चुनाळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं. आणि पुडी कुठल्या खिशात?”

तीही दिली.

कार्मेनने डबी हुंगून पाहिली. “हे खातात?”

“विड्याच्या पानाला लावून,” सुनंदा म्हणाली. “बाळंतपणात मी रोज खाल्लाय. दोन मुलं आहेत, दोन्ही धडधाकट.”

चुनाळं तळापर्यंत खरवडल्यावर दोन लहान चमचे चुना निघाला. अर्धा किलो मका, पाऊण तास उकळी, मग झाकण.

रविवारी सकाळी नळाखाली चोळताच साली सुटल्या. खिमा करायच्या हातयंत्रातून हासिंतोने मका दोनदा काढला, मळला, तळहातांवर थापला. पहिली टॉर्टिया तव्यावर पडायच्या आत फाटली. कार्मेन खिडकीबाहेर पाहू लागली.

“पाणी कमी पडलंय हो, सांगा त्यांना,” सुनंदा कुजबुजली. सांगावं लागलं नाही. हासिंतोने ओला हात फिरवून गोळा पुन्हा मळला. दुसरी अखंड उतरली, तव्यावर उलटली आणि मधोमध फुगली.

“बेडकासारखी,” लूस म्हणाली.

कार्मेनने ती कोरडीच, हळूहळू, पूर्ण खाल्ली. मग फोन घेऊन दारात गेली. तिच्या स्पॅनिशमधला एकच शब्द मला कळला, ‘नो’. तो तिने दोनदा उच्चारला. हासिंतोने मान वर न करता तिसरा गोळा घेतला.

सोमवारी निघताना त्याने कणीस पुढे केलं. विमानातून बियाणं न्यायला परवानगी लागते, म्हणून घेतलं नाही. रिकामं चुनाळं मात्र त्याच्याकडे ठेवून आलो. ब्रिस्टलला पोचल्यावर लेकीलाही खरं सांगितलं.

आता पुण्यात आहे. सवयीने हात अजून दिवसातून तीनदा खिशाशी जातो. मग ती एकतीस ताटं आठवतात, आणि मी हात मागे घेतो.