उलटा बाण

रामू भोईरांनी केलेलं काम उलटलं, असं पस्तीस वर्षांत गोखिवऱ्यात कुणी म्हटलेलं नाही. हे ते स्वतः सांगत नसत. बायको, शकू, सांगे आणि चांगलं तिखटमीठ लावून सांगे. म्हणूनच पंपाच्या कंपनीला आफ्रिकेत माणूस पाठवायचा होता तेव्हा इंग्रजीचा गंध नसलेला हाच फिटर निवडला गेला.

तिथं दोन गावं पाण्यापायी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेली. भारत सरकारनं मदत म्हणून बोअर खणून दिली, सौरपंप दिला. अट एकच, पंप दोघांत एक. आपलं सरकार दुसऱ्याच्या घरचं भांडण सोडवायला निघालंय, याची रामूभाऊंना आधी गंमत वाटली होती. पण दोन्ही गावच्या नळांना पाणी आलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. दोन वर्षं तिथं कुणी कुणावर काठी उगारली नाही.

मागच्या आठवड्यात ते सर्व्हिसिंगला गेले, दोन्ही पाइपांवर नवे व्हॉल्व्ह बसवून परत आले. आणि काल सकाळी चहा-चपाती चालू असताना तिकडच्या शाळामास्तरांचा व्हिडिओ कॉल आला. वरच्या गावची टाकी रिकामी झाली होती, नवं पाणी चढत नव्हतं. खालच्यांनी पाणी अडवलं म्हणून वरचे पंपापाशी चालून आले होते. खालचे शपथा घेत होते. हातात कोयते दोन्हीकडे होते.

रामूभाऊंची मुलगी रचना मास्तरांच्या इंग्रजीचं मराठी करत होती. मास्तरांनी फोन वरच्या गावच्या पाइपाजवळ धरला आणि रामूभाऊंना व्हॉल्व्हवरचा बाण दिसला. बाण जिकडे, पाणी तिकडेच जाणार. हा बाण उलटा होता. कुणीतरी व्हॉल्व्ह खोलून फिरवून बसवला होता.

"पप्पा, तुमच्याकडे त्या दिवसाचा फोटो आहे," रचना हळूच म्हणाली.

होताच. त्यात बाण सरळ होता. तो दाखवला की रामूभाऊंचं नाव राहणार होतं, आणि तिथं खालच्या गावात कुणाचं तरी डोकं फुटणार होतं. त्यांनी घोटभर चहा घेतला.

"सांग त्यांना, बान मीच उलटा बसवला. चूक माझी हाय."

त्यांनी डोळे वटारले, तेव्हा कुठे रचनानं ते इंग्रजीत सांगितलं. पलीकडे एक म्हातारा हसला आणि बघता बघता दोन्ही गावं मिळून हिंदुस्थानी मिस्त्रीला शिव्या घालू लागली. त्या शिव्यांचं भाषांतर रचनानं केलं नाही. रामूभाऊंनी पाना कुठे लावायचा ते दाखवलं, दोन्ही गावच्या पोरांनी व्हॉल्व्ह फिरवला, आणि अर्ध्या तासात वर पाणी चढलं.

दुपारी कंपनीच्या मालकानं फोनवर झाडलं. परदेशचं पुढचं काम दुसऱ्याला दिलं. शकूनं तर जेवताना भाजीही नीट वाढली नाही. आता शेजारणींना काय सांगायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. रामूभाऊ मात्र दोनदा भात मागून जेवले.

रचनाला राहवेना. खोटं कशाला बोललात, तिनं विचारलं.

"आपल्या खाडीचा बांध फुटायचा ना, तवा दोन्ही गावं एकमेकांचं नाव घ्यायची," ते म्हणाले. "मारामारी व्हायची येल आली की म्हातारे म्हनायचे, बांध खेकड्यांनी पोखरला. मग सगले मिलून खेकड्यांना शिव्या द्यायचे नि बांध बांधायला घ्यायचे. तिथं खेकडे कुठले? म्हनून मी."