दोन ग्राफ किती ठिकाणी छेदतात?

नेरूळच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी बारा वर्षं गणित शिकवतेय. इतकी वर्षं एकाच फळ्यासमोर काढली की किस्से आपोआप साठतात. लोक त्यांचे किस्से हसत हसत सांगतात. माझं मात्र सांगतानाही डोकं फिरतं!

* * *

इनव्हर्स फंक्शनचा धडा. 'दोनचा एक्स घात' याचा इनव्हर्स काय? मला हवं होतं लॉग. अख्ख्या बॅचने लिहिलं, एक भागिले दोनचा एक्स घात!

"अरे, इनव्हर्स म्हणजे परतीची वाट. तीन घालून आठ आले, तर आठ घालून तीन यायला हवेत. भागता कशाला?"

"मॅडम, नोट्समध्ये छापलंय!"

बघितलं तर खरंच. आमच्याच क्लासच्या नोट्स. तिसरी आवृत्ती!

* * *

पालकसभेत पावणे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतले एक गृहस्थ तावातावाने उठले. "मॅडम, हे लॉग-बिग आयुष्यात कुठे लागतं हो? पोरांना फुकटचं टेन्शन!"

"तुम्ही कंपनीत काय बघता?"

"सांडपाण्याचा पीएच."

"अहो, तो लॉगच असतो!"

"काहीतरीच! आमच्याकडे त्याचं मशीन आहे."

* * *

एकदा मी ग्राफ काढत होते, तर आमचे डायरेक्टर सर दारातूनच म्हणाले, "ग्राफ-बिफ सोडा, ट्रिक द्या! फंक्शन आणि त्याचा इनव्हर्स 'वाय बरोबर एक्स' या रेषेवरच छेदतात. विषय संपला."

"सर, फंक्शन उतरतं असेल तर रेषेबाहेरही छेदू शकतात."

"असलं पेपरात येत नाही!"

आलं की! त्याच महिन्यात, आमच्याच टेस्टमध्ये.

* * *

प्रश्न असा: 'एक-सोळांशचा एक्स घात' आणि त्याचा इनव्हर्स लॉग, यांचे ग्राफ किती ठिकाणी छेदतात? आन्सर कीमध्ये 'एक'. करावे गावच्या मयूरीने लिहिलं 'तीन'. मिळाला भोपळा, आणि तेवढ्यावरून पोरगी टॉप बॅचमधून बाहेर! मी तिला घेऊन तडक सरांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, अर्धा घातला तर पाव येतो," मयूरी शांतपणे म्हणाली. "पाव घातला तर अर्धा. म्हंजे रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक झाला. आनि रेषेवर तिसरा हाय."

सरांनी मोबाइलवर दोनदा करून बघितलं.

"ठीक आहे, तीन. उद्यापासून टॉप बॅचला बस. पण बाकीच्या पोरांना सांगू नकोस हां, कन्फ्युज होतील!"

"सर, मगाशीच सांगितलं. सगली बॅच बाहेर उबी हाय."