गेणू नावाड्याची बाटली

धोंडाबाईच्या नवऱ्याने जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं, आणि मेल्यावर तो सगळ्या इंदापूर तालुक्यात दारुडा म्हणून गाजला. ही करामत रामहरी फडमालकाच्या तमाशातल्या वगाची. वग आमच्या गावच्या बुडालेल्या नावेवर होता.

त्यात नावाड्याचं काम सोंगाड्या करायचा. काखेत बाटली, पाय लटपटत, तोंडात गाणं, आणि गाता गाता नाव भोवऱ्यात घालायची. दारूबंदीचे दिवस होते. बाटलीत नुसतं गुळाचं पाणी असे, पण ती पाहूनच निम्म्या मंडळींची तहान भागायची. भिगवण घ्या, बारामती घ्या, वालचंदनगरात तर म्हणे त्या गाण्यावर फेटे उडाले. बुडालेल्या बाईची वगात सरदाराची मुलगी केली होती, जरीच्या शालूतली. खरी बुडाली ती कौसल्या, आमच्या सोपान माळ्याची बायको. तिने शालू कधी हाताळलासुद्धा नसेल.

आणि खरा नावाडी, धोंडाबाईचा गेणू? असा अबोल, की नदीला पाणी किती चढलंय ते त्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं. सुगीला गाव त्याला बलुतं म्हणून धान्य घाली. त्यामुळे नावेत पाय ठेवणाऱ्याला 'उतर' म्हणायची त्याला सोय नव्हती. तरी त्या श्रावणी सोमवारी तो म्हणाला. भैरोबाची पालखी पैलतीरच्या महादेवाच्या भेटीला निघाली होती, भीमा दुथडी भरलेली, आणि पालखीमागोमाग लोक नावेत घुसले.

गेणू वल्हं उभं धरून म्हणाला, "निम्मी मंडळी उतरा. दुसरी खेप करतो."

कोण उतरणार? खुद्द देव नावेत बसलेला.

"भैरोबा हाय की संगं," लोक म्हणाले, "देवाला नदी गिळती व्हय?"

मधल्या धारेत नाव कलंडली. गेणूने जमेल तितक्यांना ओढून काठाला लावलं. सोपानला तर केसांना धरून काढला. कौसल्या दिसेना म्हणून गेणू पुन्हा पाण्यात शिरला, ते दोघंही परत आली नाहीत. पालखी मात्र खालच्या अंगाला वाळूवर सापडली, धड.

देवाला दोष देता येत नाही. गावाने स्वतःला द्यावा, तर एवढ्या छातीचं गाव मी अजून पाहिलेलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "गेणूनं घेतली असंल." तेवढंच फिरत फिरत रामहरीच्या कानावर गेलं.

धोंडाबाई नदीच्या वाळूत कलिंगडं लावून पोट भरायची. बाजारात तिने पाटी उतरवली, की टवाळ पोरं तिच्यापुढून झोकांड्या खात जायची. ती म्हणे, "उपाशी निजंन मी. पन माज्या मालकाचं नाव..."

चैत्रात आमच्याच जत्रेला रामहरीचा फड आला. तंबू ठोकत असतानाच ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, ज्याचं सोंग काढता, त्याची मी बायकू. कधी प्याला न्हाय त्यो."

रामहरीने हात जोडले. "आक्का, मला ठावंच न्हवतं. उद्या हजेरीला बाटली न्हाय. झालं तसंच दावतो."

हजेरी म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होणारा खेळ. आमच्याकडे बाया तमाशाला जात नाहीत. धोंडाबाई डोक्यावरून पदर घेऊन पुढे येऊन बसली. कुणाची अडवायची छाती झाली नाही.

सोंगाड्या सरळ पावलांनी आला. वल्हं उभं धरून म्हणाला, "निम्मी मंडळी उतरा."

धोंडाबाईने पदराने तोंड दाबलं. दोन वर्षांनी तिला नवरा भेटला होता, दुसरं काय म्हणू?

तेवढ्यात मागून आरोळी आली. "बाटली कुठाय? बाटली काढ! प्यालेला हुता त्यो!"

सोपान होता. मग त्याच्यामागे सगळेच ओरडायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गेणूने केसांना धरून काढला म्हणून जो आज उभा आहे, तोच! उठून त्याच्या मुस्काटात द्यावी म्हणून मी वळलो. धोंडाबाईही वळली होती.

सोपान ओरडत होता आणि ढसाढसा रडत होता. आपला उजवा हात त्याने डाव्या हाताने गच्च आवळून धरला होता. त्या सोमवारी नाव सुटली तेव्हा कौसल्या काठावरच राहिली होती. ती नको नको म्हणत असताना सोपानने त्याच हाताने तिला नावेत ओढून घेतलं होतं. हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. गेणू शुद्धीत होता असं ठरलं, तर सोपानने तो हात कुठे ठेवायचा?

धोंडाबाई त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली. मग रामहरीकडे वळून म्हणाली, "दादा, द्या त्याला बाटली."

रामहरी जागचा हलेना.

"द्या म्हनते न्हवं!"

सोंगाड्याने बाटली घेतली, तोंडाला लावली आणि झोकांडी दिली. केवढा हशा उसळला! सोपान खाली बसला आणि डोळे पुसून हसायला लागला. धोंडाबाई पदर सारखा करून वगातली नाव बुडेपर्यंत तिथेच बसून राहिली.