इसाकच्या पात्यावरची तीन टिंबं

आर्वो लेहतोने आयुष्यात मोजकीच हरणं मारली. पण बाणाचं जुनं पातं त्याच्या हातात द्या, बोट फिरवून सांगायचा, हे साच्यात कापलंय, हे हाताने. मिशिगनच्या उत्तरेला लाकूड गिरणीत आम्ही दोघं करवतींना धार लावायचो. निवृत्त झाल्यावर मी घरी बसलो. तो लोकांचे गोठे आणि माळे धुंडाळत फिरला.

त्याला एकच पातं हवं होतं. त्याचा बाप इसाक झिजलेल्या करवतींतून पाती कापायचा आणि कडेजवळ पंच ठोकून तीन टिंबं उठवायचा, हीच त्याची खूण. दुकानदार प्रुइट ती टिंबं घासून काढायचा आणि पाती आपल्या नावाच्या पुठ्ठ्यावर टोचून विकायचा. जुनी पाती जमवणाऱ्यांच्या छापील सूचीत कर्ता म्हणून नाव लागलं ते प्रुइटचं. आर्वोला तिथे बापाचं नाव हवं होतं, आणि त्यासाठी टिंबं शाबूत असलेलं एक पातं.

शेवटी एका पडक्या गोठ्यात, कुजलेल्या भात्यात सापडलं. गंज चढलेलं, पण भिंगाखाली तिन्ही टिंबं स्पष्ट. मीही पाहिली. आर्वोने तेलाचा हात फिरवला, तेवढाच. जुन्या पात्याचा गंज काढायचा नसतो. सूचीवाल्यांच्या मेळाव्याला न्यायचं म्हणून त्याने ते फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं.

शनिवारी त्याचा मेहुणा रायनो सौनाला, वाफेच्या अंघोळीला आला. आर्वो आणि मी लाकडं फोडत होतो. परतलो तर रायनो दारात हसत उभा.

"म्हाताऱ्या, धार लावणारा तू, आणि घरात असलं बोथट पातं? लाज आहे का? बघ आता. दाढी कर याने!"

पातं आरशासारखं चमकत होतं. कडेची पट्टीच्या पट्टी सहाणेने खाल्ली होती, टिंबांसकट.

आर्वोने ते दिव्याखाली धरलं. बराच वेळ.

"तेलसुद्धा लावलंय," रायनो म्हणाला. "आभार मानायला पैसे पडतात काय?"

"आभार," आर्वो म्हणाला.

त्याची बायको लेम्पी भावावर ओरडायला निघाली. आर्वोने तिला थांबवलं. "राहू दे. चांगली लावलीय धार."

तरी तो मेळाव्याला गेला. मी सोबत होतो. तपासणारा डेल्बर्ट सभ्य माणूस होता. त्याने भिंग लावलं.

"टिंबं कुठे आहेत, मिस्टर लेहतो?"

"होती."

"मी पाहिलीत," मी म्हणालो.

"तुम्ही त्यांचे मित्र. मी काय लिहू, सांगा?" त्याने पातं उलटवलं. "घाट मात्र अस्सल आहे. आमच्याकडची सगळी गंजलेली. याचा फोटो घेऊ का?"

आर्वोने होकारार्थी मान हलवली. त्याला वाटलं, फोटो घेतायत म्हणजे विचार तरी करतील.

पुढच्या वर्षी नवी सूची आली. पानभर फोटो. खाली छापलंय: कर्ता, प्रुइट. संग्रह, आर्वो लेहतो.

आर्वो त्यानंतर कुठल्या गोठ्यात गेला नाही. रायनोने मात्र सूचीची प्रत मागवली. येईल त्याला ते पान उघडून दाखवतो, आणि सांगतो, धार माझ्या हातची.